एम.ए. इकॉनॉमिक्स झाल्यावर पुढे काय? सरकारी आणि खाजगी, दोन्हीकडचा अनुभव

तळटीप (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात छत्रपती संभाजीनगरला एका कॉलेजात एम.ए.च्या मुलामुलींशी बोलायला गेले होते. बोलणं झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, अर्थशास्त्र शिकलेल्याला अर्थशास्त्राचंच काम देणारी नोकरी खरंच असते का?" घरचे तिला सांगताहेत की बी.एड. करून टाक, नाहीतर बँकेच्या क्लार्कच्या परीक्षा दे. माझी परतीची गाडी होती. दोन मिनिटांत काहीतरी सांगून निघाले आणि गाडीत बसल्यावर वाईट वाटत राहिलं. तिला जे सांगायला हवं होतं ते इथे लिहिते. या क्षेत्रातले बरेच जण इथे आहेत, त्यांनी भर घालावी.

मी पुण्यात एम.ए. केलं, दुसऱ्या प्रयत्नात भारतीय अर्थसेवेत निवड झाली, अकरा वर्षं दिल्लीत वेगवेगळ्या मंत्रालयांत काढली. मग राजीनामा देऊन मुंबईत एका उद्योगसमूहात आले, तिथे आता तेरावं वर्ष चालू आहे.

आधी अर्थसेवेबद्दल, कारण ही सेवा आहे हेच आपल्याकडच्या बऱ्याच मुलांना माहीत नसतं. १९६१ साली ती सुरू झाली. परीक्षा यूपीएससीच घेते, पण आयएएसच्या परीक्षेशी तिचा संबंध नाही. अर्थशास्त्र, उपयोजित अर्थशास्त्र, व्यवसाय अर्थशास्त्र किंवा अर्थमिती यांतली पदव्युत्तर पदवी हवी, वय २१ ते ३०, राखीव प्रवर्गांना सवलत. पूर्वपरीक्षा नसते. लेखी १००० गुणांची: इंग्रजी आणि सामान्य अध्ययन प्रत्येकी १००, अर्थशास्त्राचे तीन आणि भारतीय अर्थव्यवस्थेचा एक असे चार पेपर प्रत्येकी २००. मुलाखत २०० गुणांची. सुरुवातीचं मूळ वेतन ५६,१०० रुपये. अडचण आहे ती जागांची. त्या फार थोड्या निघतात आणि २०१९ साली तर अर्थसेवेची एकही जागा नव्हती. म्हणून केवळ याच परीक्षेवर सगळी वर्षं लावू नयेत असं मी प्रत्येकाला सांगते.

लोकांना वाटतं सरकारी अर्थतज्ज्ञ म्हणजे धोरण आखणारा माणूस. माझी पहिली चार वर्षं गेली संसदेच्या प्रश्नांत. तारांकित प्रश्नाचं छापील उत्तर चार ओळींचं असतं, पण मंत्र्यांना उभं राहून पूरक प्रश्नांना तोंड द्यायचं असतं, म्हणून त्यामागे वीस-पंचवीस पानांचं टिपण जोडावं लागतं. एकदा रात्री साडेअकराला माझ्या लक्षात आलं की उत्तराच्या परिशिष्टात महाराष्ट्राची बेरीज जुळत नाही. एका जिल्ह्याचा आकडा लाखांत होता, बाकीचे हजारांत. राज्यातल्या एका अधिकाऱ्याला घरी फोन करून उठवलं, त्या बिचाऱ्याने ऑफिस उघडून मूळ कागद फॅक्स केला. सकाळी सहाला तक्ता बरोबर झाला. सभागृहात आमच्या प्रश्नाचा नंबर लागलाच नाही, तास संपला. पण उत्तर पटलावर ठेवलं गेलं, कायमचं छापलं गेलं आणि त्यातली बेरीज बरोबर होती. त्या रात्रीचं समाधान मला अजून पुरतं.

उलटंही झालं. एका योजनेच्या मूल्यमापनात, नाव यादीत असून पैसे हातात न पडलेल्यांचा तक्ता मी केला होता. अंतिम अहवालात तो नव्हता. विचारलं तर 'नमुना लहान आहे' असं उत्तर मिळालं. बाकीचे सगळे तक्ते त्याच नमुन्यावरचे होते. मी फाईलवर माझं मत सविस्तर लिहून सही केली. माझ्या हातात तेवढंच होतं.

खाजगीत फाईल नसते. संचालक मंडळापुढे माझं एक पान जातं आणि पहिल्या ओळीत उत्तर हवं असतं: पश्चिम भारतात सिमेंटची मागणी वाढेल की नाही, आणि किती. त्यासाठी पाऊस, धरणांतला साठा, रस्त्यांच्या निविदा, घरांची मुद्रांक नोंदणी असं सगळं बघत बसायचं. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली तेव्हा माझं सगळं गणित एका रात्रीत निकालात निघालं. सरकारी आकडे यायला दोन महिने लागणार होते. त्या आठवड्यात मी लातूर, सोलापूर, नगर, नाशिकच्या डीलरना फोन करत सुटले. लातूरचा एक डीलर म्हणाला, "मॅडम, गोदामात माल आहे, गिऱ्हाइकाला घर बांधायचंय, पण शनिवारी गवंड्याला पगार द्यायला सुट्टे नाहीत. गवंडी गावाला गेला." पुढचे सहा महिने मी जे अंदाज दिले ते या एका वाक्यावर उभे होते.

माझं मत ठाम आहे. अर्थतज्ज्ञ व्हायचं असेल तर सुरुवातीची काही वर्षं जिथे आकडा तयार होतो तिथे काढावीत: सांख्यिकी कार्यालयात, पाहणी करणाऱ्या संस्थेत, मंत्रालयाच्या विभागात. आकडा कुठून येतो, कोण कसा लिहून आणतो, कुठे चुकतो हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढे कुठल्याही खुर्चीत बसलात तरी तुमच्या अंदाजाला पाया असतो.

चौथी_तिमाही

ताई, फार आवडलं. फक्त शेवटच्या परिच्छेदाशी सहमत नाही.

मी एका बँकेच्या ट्रेझरीत, म्हणजे रोख्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या विभागात, अर्थतज्ज्ञ आहे. सरकारी नोकरी कधी केली नाही. एम.ए. झाल्यावर थेट एका पतमानांकन संस्थेत विश्लेषक म्हणून लागलो, मग दलाली पेढी, मग बँक. आमच्याकडे जी शिस्त लागते ती वेगळ्या प्रकारची. पतधोरणाच्या दिवशी कसं असतं सांगतो. रिझर्व्ह बँकेची सहा जणांची समिती व्याजदर ठरवते, ही व्यवस्था २०१६ पासून. सकाळी दहाला गव्हर्नरांचं निवेदन सुरू होतं. माझ्याकडे आदल्या रात्रीच दोन टिपणं तयार असतात, एक दर बदलला तर, एक दर तसाच राहिला तर. निवेदन ऐकताना मी दरापेक्षा शब्दांकडे लक्ष देतो: धोरणाची भूमिका तटस्थ म्हटली का, महागाईचा पुढच्या तिमाहींचा अंदाज वर सरकवला का. बाजूला दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा स्क्रीनवर हलत असतो. निवेदन संपायच्या आत खालच्या मजल्यावरून डीलर विचारतो, "विकू का धरून ठेवू?" तिथे 'एका बाजूने असं, दुसऱ्या बाजूने तसं' चालत नाही. अकराच्या आत टिपण ग्राहकांकडे गेलेलं असतं. माझा मागच्या वेळचा अंदाज किती चुकला हे दोन महिन्यांनी त्याच लोकांसमोर उघडं पडतं. ही जबाबदारी माणसाला घडवते असं मी मानतो.

वाईट अनुभवही सांगतो, नाहीतर चित्र अपुरं राहील. पेढीत असताना मी अर्थव्यवस्थेच्या वाढीचा अंदाज खाली आणला. त्याच आठवड्यात पेढीकडे एका मोठ्या भागविक्रीचं काम होतं. वरिष्ठ म्हणाले, "टिपण पंधरा दिवसांनी काढ." काढलं नाही तर माझ्या वाचकांना मी जुना, चुकीचा आकडा विकत राहणार होतो. काढलं. त्या वर्षीचा बोनस गेला आणि सहा महिन्यांनी मीही गेलो. पश्चात्ताप नाही.

खाजगीतही मोठं काम करता येतं हे मुलांना दिसायला हवं. रूपा रेगे नित्सुरे बँक ऑफ बडोदाच्या मुख्य अर्थतज्ज्ञ होत्या, अजित रानडे आदित्य बिर्ला समूहात होते. ही नावं वर्तमानपत्रांत वाचत मी मोठा झालो. कौशल्यांत एक्सेल पक्कं हवं, आर किंवा पायथनपैकी एक, आणि मुख्य म्हणजे दोन पानांत स्वच्छ लिहिता आलं पाहिजे. शेवटचं सगळ्यात कमी जणांना येतं.

बोरीबंदर

दोन्हींच्या मधली जागा राहिली: रिझर्व्ह बँक. ग्रेड बी अधिकाऱ्यांच्या भरतीत सर्वसाधारण शाखेखेरीज आर्थिक व धोरण संशोधन विभाग आणि सांख्यिकी विभाग यांच्या जागा वेगळ्या असतात. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तरांसाठी पहिला. संशोधनाला वेळ मिळतो, ग्रंथालय उत्तम, आणि तुमच्या कामाचा वापर होताना दिसतो. नरेंद्र जाधव याच बँकेत तीन दशकं होते, प्रमुख सल्लागार झाले, मग पुणे विद्यापीठाचे कुलगुरू आणि नियोजन आयोगाचे सदस्य. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थाही रिझर्व्ह बँकेनेच १९८७ साली उभी केली. मुंबईच्या मुलांनी तिथली प्रवेशपरीक्षा जरूर द्यावी.

बाजारहाट

तळटीप ताईंनी 'आकडा लिहून आणणारा कोण' असं लिहिलंय, तो मी. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या क्षेत्रीय विभागात कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी, भरती कर्मचारी निवड आयोगामार्फत. लिहिण्याचा सराव नाही, सांभाळून घ्या.

महागाई मोजणाऱ्या ग्राहक किंमत निर्देशांकाची २०१२ पायाभूत वर्षाची मालिका घ्या. तिच्यासाठी देशभरात ३१० शहरांतल्या १,११४ बाजारांतून आणि १,१८१ गावांतून भाव गोळा होत होते. प्रत्येक दुकानात प्रत्येक वस्तूचं वर्णन ठरलेलं: कोणती डाळ, कोणत्या प्रतीची, सुटी की पाकिटातली. महिन्यामागून महिना त्याच दुकानात तीच वस्तू. दुकानदार सुरुवातीला विचारायचा, साहेब घ्यायचं काहीच नाही तर विचारता कशाला? आता मला बघितलं की स्वतःच वही पुढे करतो.

एकदा पाच रुपयांचा बिस्किटपुडा हातात घेतला. भाव तोच. पण पुडा हलका वाटला. मागे बघितलं तर मागच्या महिन्यात ६५ ग्रॅम होतं, आता ५५. दुकानदार म्हणाला, भाव बदलला नाही, तेच लिहा. मी वजन लिहिलं. हिशेब केला तर ग्रॅममागे अठरा टक्के महाग झालं होतं. बँकेत बसलेल्या साहेबांच्या स्क्रीनवर जो महागाईचा दर येतो त्यात हे दहा ग्रॅम असतात.

अवघड काम घरांच्या पाहणीचं. २०२२-२३ च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीत एका घरी तीनदा जायचं होतं, अन्नाचा, इतर खर्चाचा आणि टिकाऊ वस्तूंचा असा वेगवेगळा तक्ता घेऊन. गावात चहा मिळतो, माणूस उत्तर देतो. शहरात मोठ्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनच आत सोडत नाही. ओळखपत्र दाखवलं, पत्र दाखवलं, सेक्रेटरीला फोन लावला. एका सोसायटीत चार खेपा घातल्या तेव्हा एक बाई बोलल्या. शेवटी त्यांनीच शेजारणीला समजावलं. त्या पाहणीतून कळलं की ग्रामीण भागात माणशी महिन्याचा खर्च सरासरी ३,७७३ रुपये आणि शहरी भागात ६,४५९, आणि ग्रामीण खर्चात अन्नाचा वाटा निम्म्याखाली, ४६ टक्क्यांवर आला. टीव्हीवर यावर चर्चा झाली तेव्हा मी घरच्यांना बोलावून दाखवलं.

चौथी_तिमाही

बाजारहाट, नमस्कार घ्या. ३,७७३ हा आकडा मी किमान पन्नास सादरीकरणांत वापरला असेन. गेटवरचा वॉचमन मला माहीत नव्हता. तळटीप ताई, तुमचा मुद्दा थोडा मान्य करतो.

कर्वेरोड

मी निवृत्त प्राध्यापक. सरकारी की खाजगी हा प्रश्न आज जितका टोकाचा मांडला जातो तितका पूर्वी नव्हता, म्हणून थोडा इतिहास.

धनंजयराव गाडगीळ केंब्रिजहून परतल्यावर मुंबई सरकारच्या अर्थखात्यात थोडा काळ होते, मग सुरतेच्या कॉलेजचे प्राचार्य. १९३० साली रावबहादूर काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था निघाली तेव्हा तिचे पहिले संचालक झाले. वाई तालुक्यातल्या शेतीची पाहणी, पुणे शहराची पाहणी, ही कामं त्यांनी माणसं घरोघर पाठवून केली. श्री. बाजारहाट आज जे करतात तेच, फॉर्मवर पेन्सिलीने. पुढे प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांनी उभा केला तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळ. कारखान्याच्या हिशेबाला बसलेला हा माणूस १९६७ साली नियोजन आयोगाचा उपाध्यक्ष झाला. केंद्राची मदत राज्यांना कशी वाटायची याचं जे सूत्र त्यांच्या नावाने ओळखलं जातं, त्यात ६० टक्के वजन लोकसंख्येला होतं. दिल्लीत कोणाची ओळख आहे यावर मदत ठरू नये, ती मोजता येण्यासारख्या गोष्टींवर ठरावी, हा त्यामागचा विचार मला आजही मोठा वाटतो.

दुसरं नाव जॉन मथाई. प्राध्यापक, मग सरकारच्या व्यापारी माहिती व सांख्यिकी खात्याचे महासंचालक, मग टाटांकडे. १९४४ च्या 'बॉम्बे प्लॅन'वर सही करणाऱ्या आठ जणांतले एक. पंधरा वर्षांत दरडोई उत्पन्न दुप्पट करायची ती योजना उद्योगपतींनी मांडली होती. मग मथाई देशाचे अर्थमंत्री झाले, १९५० साली नियोजन आयोगाच्या अधिकारांवरून मतभेद होऊन बाहेर पडले, पुन्हा टाटांकडे गेले आणि १९५५ साली स्टेट बँकेचे पहिले अध्यक्ष. अर्थमंत्रिपदावर त्यांच्यानंतर आले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. ते केंब्रिजला विज्ञान शिकलेले. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला. माझे वडील तो दिवस सांगताना आवाज खाली आणत.

विजय केळकर तर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे इंजिनियर, बर्कलीहून अर्थशास्त्राचे डॉक्टर, पेट्रोलियम सचिव, अर्थसचिव, तेराव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष. आणि आजचे मुख्य आर्थिक सल्लागार अनंत नागेश्वरन सरकारात येण्याआधी क्रेडिट सुइस आणि ज्युलियस बेअर या बँकांत होते. भिंत आपण समजतो तितकी जाड नाही.

तळटीप

सर, फार छान. एक जोडते, आणि हे मनापासून बोलते आहे. वरची ये-जा वरच्या पायरीवर चालते. अर्थसेवेत खालून चढणाऱ्याला मुख्य आर्थिक सल्लागाराची खुर्ची सहसा मिळत नाही, तिथे बहुतेक वेळा बाहेरून विद्वान येतात. इतकी वर्षं मंत्रालयात आकडे सांभाळलेल्या माझ्या बॅचच्या लोकांना हे लागतं. मुलांनी हे आधीच माहीत करून घेऊन यावं.

मांडवीकाठ

गोव्याहून. मी गोवा विद्यापीठातून एम.ए. केलं आणि २००८ ते २०१२ एका खनिज निर्यातदाराकडे होते. आमचं लोहखनिज कमी प्रतीचं, गिऱ्हाईक मुख्यतः चीन. माझं काम म्हणजे तिथल्या बंदरांत किती खनिज पडून आहे, जहाजाचं भाडं काय चाललंय, पोलादाचा भाव कुठे जातोय. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्याने खाणकाम थांबवलं, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. महिन्याभरात आमचा विभाग बंद. चीनच्या बंदरातला साठा मला टनांत माहीत होता, पण आमच्याच तालुक्यात किती ट्रकवाले, किती बार्जवाले, किती गॅरेजवाले या धंद्यावर जगतात याचा धड आकडा माझ्याकडे नव्हता. माझ्या सख्ख्या मामाचे दोन ट्रक दारात गंजले. आता मी पर्यटन आणि रोजगाराच्या पाहण्या करते, पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. खाजगीत जाणाऱ्यांना माझं सांगणं: एकाच वस्तूला जन्म वाहू नका, दुसरं एखादं क्षेत्र हाताशी ठेवा.

पोटोमॅक

मी मूळचा साताऱ्याचा, अमेरिकेत पीएच.डी. केली. इकडची पद्धत थोडक्यात. पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षी शरद ऋतूत अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या यादीत जाहिराती येतात: विद्यापीठं, फेडरल रिझर्व्ह, जागतिक बँक, सल्लागार पेढ्या, तंत्रज्ञान कंपन्या. कोविडपर्यंत जानेवारीत एका शहरात सगळे जमायचे आणि हॉटेलच्या खोल्यांत मुलाखती व्हायच्या. आता त्या ऑनलाइन होतात. तंत्रज्ञान कंपन्या आता अर्थतज्ज्ञ घेतात, ॲमेझॉनमध्ये तर ते मोठ्या संख्येने आहेत. गूगलमध्ये हॅल व्हेरियन यांनी जाहिरातींच्या लिलावापासून ही वाट पाडली.

संघराज्य सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांना नागरिकत्व लागतं, म्हणून मी स्पर्धा कायद्याच्या सल्लागार पेढीत गेलो. आमच्या कामाचा गाभा एका प्रश्नात आहे: बाजार म्हणजे नेमका कोणता? समजा दोन बेकऱ्या एकत्र यायला निघाल्या. ब्रेड महागला तर गिऱ्हाईक चपातीकडे वळेल का? वळत असेल तर बाजार मोठा आणि भीती कमी. हे तर्काने सांगून चालत नाही, विक्रीच्या आकड्यांतून दाखवावं लागतं, आणि समोरच्या पक्षाचा अर्थतज्ज्ञ ते खोडायला बसलेला असतो. भारतातही स्पर्धा आयोग २००९ पासून स्पर्धा कायद्याची प्रकरणं चालवतो, तिथे आणि तिथे येणाऱ्या वकिलांकडे या कामाची माणसं लागतात. एम.ए.च्या मुलांनी ही वाट बघावी.

नीराकाठ

सगळ्यांचं वाचतोय. पण सरकारी आकड्यांवर आता विश्वास कसा ठेवायचा? जे पटत नाही ते छापतच नाहीत. अशा ठिकाणी चांगल्या मुलांनी का जावं?

तळटीप

नीराकाठ, प्रश्न रास्त आहे. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी, पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी यांनी, राजीनामे दिले. २०१७-१८ च्या श्रमशक्ती पाहणीचा अहवाल आयोगाने मंजूर करूनही बाहेर येत नव्हता. तो मे महिन्याच्या शेवटी आला, बेरोजगारीचा दर ६.१ टक्के. त्याच वर्षी नोव्हेंबरात २०१७-१८ च्या उपभोग खर्च पाहणीचे निकाल जाहीर न करण्याचा निर्णय झाला. हे सगळं मला तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं. कारण मागे कुठल्यातरी बाजारहाटने चार खेपा घातलेल्या असतात.

पण मोहनन कोण होते? भारतीय सांख्यिकी सेवेत आयुष्य घालवलेले अधिकारी. आकडा अडला हे देशाला कळलं ते आतल्या माणसाने खुर्ची सोडली म्हणून. चांगली मुलं आत नसतील तर आकडा अडला हेसुद्धा कोणाला कळणार नाही.

पोटोमॅक

इथेही तेच बघितलं. १ ऑगस्ट २०२५ ला रोजगाराचे आकडे आले, आधीच्या दोन महिन्यांचे आकडे बरेच खाली आणले होते, आणि त्याच दिवशी कामगार सांख्यिकी विभागाच्या आयुक्त एरिका मॅकएन्टार्फर यांना अध्यक्षांनी पदावरून दूर केलं. माझे तिथले मित्र सोमवारी नेहमीच्या वेळेला कामावर गेले आणि पुढच्या महिन्याचा नमुना तपासत बसले.

पैठणगेट

राज्य सरकारबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. अर्थ व सांख्यिकी संचालनालय, मुख्यालय वांद्रे पूर्व, प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा सांख्यिकी कार्यालय. अर्थसंकल्पाच्या आधी विधिमंडळात येणारी 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' आमचीच. सांख्यिकी सहायक, संशोधन सहायक अशी पदं असतात. दिल्लीला जावं लागत नाही, काम मराठीत चालतं. गावाकडच्या, विशेषतः मुलींच्या घरच्यांना हे पटतं.

बाबासाहेबांचं नावही इथे यायला हवं. रुपयाच्या प्रश्नावर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एस्सी. त्यांनी १९२३ साली घेतली, आणि १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे चलनाबद्दल साक्ष दिली. आमच्या कार्यालयात त्यांची तसबीर आहे, आणि आम्ही तिच्याकडे अर्थतज्ज्ञाची तसबीर म्हणूनही बघतो.

गोदेकाठची

मॅडम, मागच्या बाकावरची मुलगी मीच. मैत्रिणीने धाग्याची लिंक पाठवली, दोन रात्री वाचला. मी अंबड तालुक्यातली. एम.ए.चं दुसरं वर्ष. दोन अडचणी आहेत. माझं इंग्रजी कच्चं आहे, आणि बारावीनंतर गणित सुटलं. शिवाय घरून दोनच वर्षं मिळणार. काय करू?

तळटीप

बरं झालं आलीस! गणिताचं ऐक: तुला सगळं गणित लागत नाही. संख्याशास्त्रातला सरासरी, विचलन, नमुना, सहसंबंध, प्रतिगमन एवढा भाग पक्का कर, अवकलन अर्थशास्त्रापुरतं. रोज दीड तास, सहा महिने. इंग्रजीसाठी केंद्राचा आर्थिक पाहणी अहवाल घे, रोज एक पान वाच आणि त्याचा गोषवारा पाच वाक्यांत इंग्रजीत लिही. चुकू देत. दोन वर्षांत अर्थसेवा, रिझर्व्ह बँक, राज्याचं संचालनालय आणि कर्मचारी निवड आयोग या चारही परीक्षा दे, अभ्यास बराचसा एकच आहे. आणि आजच एक काम कर, तुझ्या जिल्ह्याचं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' मिळव.

पैठणगेट

ते मी सांगतो. जालन्याच्या जिल्हा सांख्यिकी कार्यालयात जा, संचालनालयाच्या संकेतस्थळावरही असतं. मराठीतच आहे. तुझ्या तालुक्याची ओळ शोध आणि मागच्या पाच वर्षांच्या ओळी एकाखाली एक लिही.

गोदेकाठची

मिळालं. अंबडच्या ओळी काढल्या. कापूस आणि ज्वारीचं क्षेत्र लिहून भिंतीला लावलंय. बाबांनी वाचलं आणि म्हणाले, ज्वारी कमी का झाली ते मला विचार, मी सांगतो. तासभर सांगत होते: मजूर मिळत नाहीत, पाखरं राखायला माणूस नाही, कडब्याला पूर्वीसारखी जनावरं नाहीत. मी सगळं लिहून घेतलं.

मग वाटलं भावही लिहावेत. आज आठवडी बाजारात वही घेऊन गेले. बाजारहाट काका, एक विचारायचंय. ज्वारीच्या दोन ढिगाऱ्या होत्या, एक मालदांडी, एक हायब्रीड. किलोमागे बराच फरक. विकणाऱ्या आजी म्हणाल्या दोन्ही ज्वारीच, काहीही लिही. वहीत कोणता भाव लिहू?

बाजारहाट

दोन्ही लिही बाळा, वेगवेगळ्या ओळींत, पुढे आजींचं नाव नाही तर जागेची खूण. तारीख आणि वेळ घाल, सकाळचा आणि संध्याकाळचा भाव वेगळा असतो. पुढच्या बाजारी त्याच आजींकडे जा. मालदांडी नसेल तर हायब्रीडचा भाव त्या ओळीत घालू नकोस, 'नव्हती' असं लिही.